सहीनंतरचा पाना

केरू बोरस्ते घराबाहेर पडायचे म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. आधी गॅसची शेगडी बघायची, मग सिलिंडर, मग मोरीतला नळ. मग कुलूप लावून तीनदा ओढायचं, फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, छत्तीस वर्षं हा प्रकार फाटकाशी उभं राहून बघितला. "अहो, एक दिवस दार हातात येईल तुमच्या," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच एक दिवस कडी उचकटून हातात आली. अख्खी गल्ली हसली. केरूतात्यांना काही हसू आलं नाही. कडी मुळातच ढिली असणार, बरं झालं ओढून बघितली, एवढंच ते म्हणाले.

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटरकी केली. कामही त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. वैमानिकाच्या पायापासून विमानाच्या शेपटापर्यंत पोलादी तारा जातात, त्या ओवायच्या, ताणायच्या, नट आवळायचे. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमांशी मुरला होता. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. पहिली सही करणाऱ्याची, दुसरी सही दुसऱ्याच माणसाची. आणि दुसरी सही झाल्यावर त्या नटाला कोणी नुसता पाना टेकवला तरी ती सही मेली. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायचं.

केरूतात्यांच्या कामावर वीस वर्षं दुसरी सही करायचे ते लहानू गांगुर्डे. हा गडी म्हणजे दगड. याला ना घाई, ना काळजी. तपासून झालं की नटावर तांबड्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे नट केसभर फिरला तरी ठिपका तडकून चोरी उघडी पडते. ठिपका दिला की लहानू दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "केरू, आता हात लावायचा नाय." कारण केरूचे हात शिवशिवतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी तात्यांची मुलगी उज्वला नाशिकहून माहेरी आली, ती मागे एक होडी घेऊनच. अहो, ओझरच्या गल्लीत होडी! सोळा फुटांची, पांढरी, शिडाची काठी आडवी बांधलेली, चाकांच्या गाड्यावर बसून पिकअपच्या मागून डुलत डुलत आली. शेजारपाजारचे सगळे गोळा झाले. गल्लीतली कुत्रीसुद्धा आली. उज्वलानं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि आधी त्यांना घातला. कुत्र्यांसाठी तिच्या पर्समध्ये पुडा असायचाच. तात्यांनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

उज्वला नाशिकच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना ती गंगापूर धरणावर शिडाची होडी हाकायला शिकली आणि त्या पाण्याचं तिला वेडच लागलं. चार वर्षांपूर्वी अपघातात तिच्या डाव्या खांद्याची नस तुटली. तेव्हापासून तो हात नुसता लोंबतो. बोटं थोडी हलतात, पण हात वर जात नाही. चार वर्षं ती धरणावर फिरकली नव्हती. आता कोणाकडून तरी ही जुनी होडी तिनं घेतली होती.

"तात्या, ही दांडी काढायची आणि हिला चाक बसवायचं," ती म्हणाली.

होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात जाणारं सुकाणूचं पातं, आणि त्याच्या डोक्यातून पुढे आलेली हातभर लाकडी दांडी. ती दांडी हलवून उज्वलानं दाखवलं. "हे असं असतं बघा. एका हातात ही दांडी, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. होडी वळली की आपण उठून पलीकडच्या बाजूला बसायचं आणि हात बदलायचे. मी कुठून बदलू? चाक मधोमध असलं की मी समोर तोंड करून एका जागी बसेन. त्याला एक आवळायची मूठ करा, म्हणजे क्षणभर सोडलं तरी चाक जागचं हलणार नाही. तेवढ्यात मी याच हातानं दोर ओढून घेईन."

"अगं, एखाद्या माहीतगाराकडून करून घे ना. मी कधी होडीत पाय ठेवलेला नाही."

"तारांचंच तर काम आहे. दुसऱ्या कोणाच्या तारेवर मी नाही जीव टाकणार, तात्या."

तिनं ते हसत हसत म्हटलं. तात्यांना मात्र पुढचे दोन महिने जेवण गोड लागलं नाही.

आता त्या अपघाताचं खरं काय ते सांगून टाकतो, कारण ते जगात एकट्या केरूतात्यांनाच माहीत होतं. दिंडोरीला नात्यातल्या एका लग्नाची हळद होती. आदल्या दिवशी मेकॅनिकनं स्कूटरचा ब्रेक व्यवस्थित लावून दिला होता. निघायच्या आधी तात्यांना उगाच वाटलं, ब्रेक जरा सैल लागतोय. झालं! पाना आला हातात. तारेचा नट सोडला, तार ओढली, पुन्हा आवळायला घेतली, तेवढ्यात उज्वला तयार होऊन बाहेर आली, "तात्या, चला, उशीर होतोय." मग तो नट पुरता आवळला की नाही? त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना रस्त्यात मिळालं. द्राक्षबागांमधून जाताना समोर फवारणीचा ट्रॅक्टर अचानक वळला, तात्यांनी ब्रेक दाबला आणि ब्रेकची दांडी मुठीला येऊन टेकली. तार निसटली होती. स्कूटर आडवी झाली. तात्यांचं कोपर खरचटलं, आणि मागे बसलेली उज्वला डाव्या खांद्यावर पडली.

दवाखान्यात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुत्रं आडवं आलं." शुद्धीवर आलेल्या पोरीला पडतानाचं काहीच आठवत नव्हतं. कुत्र्याचं ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न काय असावा? "तात्या, ते कुत्रं वाचलं का?" तात्या म्हणाले, "वाचलं." तेव्हापासून चार वर्षं ते नसलेलं कुत्रं या घरात राहत होतं. पोरगी त्याच्या नावानं गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं घालत होती आणि बाप दर वेळी तोंड फिरवत होता.

अशा माणसानं पुन्हा तिच्यासाठीच तार ताणायची. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं, हे कोणीही कबूल करेल. भंगारातून एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग आणलं. होडीच्या मधोमध एक मजबूत खांब उभा केला आणि त्यावर ते आवळायच्या मुठीसकट बसवलं. चाकामागे तार गुंडाळायचं रीळ, तिथून दोन तारा दोन्ही कडांनी पुल्यांवरून मागे. दांडी काढून सुकाणूच्या डोक्यावर एक आडवी पट्टी लावली. तिला दोन कान, एक डावा, एक उजवा. डावी तार डाव्या कानाला, उजवी उजव्या. चाक उजवीकडे फिरवलं की पात्याचं शेपूट उजवीकडे जातं आणि पाणी होडीचं नाक उजवीकडे वळवतं. विमानाच्या शेपटालाही हाच न्याय, त्यामुळे इथे तात्यांना विचारच करावा लागला नाही.

रोज सकाळी उठून ते तारा हातानं दाबून बघायचे. दुपारी जेवण झालं की पुन्हा. सुमनबाई कंटाळून म्हणाल्या, "त्या तारांना तरी जरा झोपू द्या."

जानेवारीत लहानू गांगुर्डे दुसरी सही करायला आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, पण थाट तोच. त्यानं सगळ्या पुल्या बोटानं फिरवल्या, तारांवरून चिंधी ओढून एखादा धागा उसवलाय का पाहिलं. मग तो मागे जाऊन पात्यावर हात ठेवून बसला आणि कारखान्यातल्यासारखा ओरडला, "बोल!"

तात्यांनी चाक फिरवलं. "चाक उजवीकडे!"

"पातं उजवीकडे!"

"चाक डावीकडे!"

"पातं डावीकडे! लय झकास, केरू. लोण्यावानी फिरतंय."

लहानूनं खिशातून तांबड्या रंगाची बाटली काढली आणि दोन्ही कानांच्या नटांवर एकेक ठिपका दिला. शाळेच्या वहीचं एक पान फाडून त्यावर तात्यांनी पहिली सही केली, खाली लहानूनं दुसरी. मग ठरलेलं वाक्य आलंच, "आता हात लावायचा नाय."

तात्या त्या दिवशी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. पुढच्या रविवारी होडी धरणावर न्यायची ठरली.

मधले सहा दिवस नसते तर किती बरं झालं असतं! शनिवारी सकाळी उज्वलाचा फोन आला. दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून झाली आणि फोन ठेवता ठेवता तात्यांनी सहज विचारलं, "का गं, दांडी होती तेव्हा उजवीकडे वळायला काय करायचीस?"

"दांडी डावीकडे ढकलायची. उलटं असतं ते. सुरुवातीला सगळे चुकतात. मग हातालाच कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही."

"आणि जोराचा वारा आला, घाबरलीस, तर?"

"घाबरल्यावर तर हात आपोआपच जातो, तात्या."

फोन ठेवला आणि तात्यांचं डोकं भणभणायला लागलं. हात आपोआप जातो! म्हणजे एवढी वर्षं तिच्या हाताला उजवीकडे वळायचं म्हणजे डावीकडे ढकलायची सवय. उद्या वारा आला, ती घाबरली, हात डावीकडे गेला, आणि आपण बसवलेलं चाक तिला डावीकडेच नेणार. डावीकडे काय आहे? खडक असले तर? होडी उलटली तर? एका हाताची पोरगी पाण्यात काय करणार? ते पाणी प्यायले, त्यांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या. लहानूला फोन करावा असं मनात आलं. पण लहानू काय म्हणणार ते पाठ होतं. तो म्हणणार, हात लावायचा नाय. मग फोन केलाच नाही.

दुपारी सुमनबाई शेजारी गेल्या आणि तात्यांनी पाना उचलला. लहानूचे ठिपके तडकले. डावी तार उजव्या कानाला लावली, उजवी तार डाव्याला, आणि नट आवळले, एकदा, दोनदा, पाचदा. आता चाक डावीकडे फिरवलं की होडी उजवीकडे जाणार, अगदी तिच्या हाताच्या सवयीप्रमाणे. पोरीच्या काळजीनं आंधळा झालेला बाप याला शहाणपण समजत होता. राहिले ते ठिपके. तांबडा रंग तर लहानूबरोबर गेला होता.

सुमनबाई परत आल्या तेव्हा तात्या आरशाच्या कप्प्यात उज्वलाची जुनी नेलपॉलिश शोधत होते.

"या वयात नखं रंगवायची आहेत का?"

"खूण करायचीय एक."

"करा बाई, करा," असं म्हणून सुमनबाई आत गेल्या. तात्यांनी दोन ठिपके दिले. रंग थोडा गुलाबी दिसत होता. चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं असं काहीतरी आपण केलंय हे त्यांना कळत होतं; बाटली त्यांनी आरशाच्या कप्प्यात अगदी मागे सारून ठेवली.

रविवारी सकाळी पिकअप होडी घेऊन पुढे गेली. मागून उज्वलाच्या गाडीत पुढे तात्या आणि मागे लहानू. सुमनबाईंनी देवाला दिवा लावला आणि त्या घरीच थांबल्या. थंडी चांगली होती, उन्हं कोवळी होती, उज्वला गाणं गुणगुणत होती. अपघातानंतर तिनं गिअर नसलेली गाडी घेतली होती. स्टिअरिंगवर एक गोल मूठ बसवलेली, ती उजव्या हातात धरून एका हातानं ती झोकात गाडी चालवायची.

नाशिक मागे पडलं, गंगापूर रस्त्याला एक मोठं वळण आलं. उज्वलानं मूठ उजवीकडे फिरवली आणि गाडी उजवीकडे वळली.

तात्या त्या मुठीकडे बघतच राहिले.

चार वर्षं! चार वर्षं रोज या हातात चाक आहे. उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. दांडीची सवय दांडीपुरती. चाक हातात आलं की हा हात चाकासारखाच फिरणार, घाबरल्यावर तर नक्कीच. एवढी साधी गोष्ट! आणि आपण तिथं तारा उलट्या करून ठेवल्यात. वर गुलाबी ठिपके देऊन.

"काय रे केरू, घाम फुटलाय तुला?" मागून लहानू म्हणाला. "उगंच घाबरू नको. मी बघितलंय ना डोळ्यानं."

तात्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. सांगावं तर कसं? लहानूसमोर, त्याच्या सहीचा खून केला म्हणून? आणि पोरगी एवढी गाणं म्हणतेय! मग त्यांनी मनाशी बेत केला. धरणावर पोचल्यावर पाच मिनिटं मिळाली की पुरे. चोरून तारा होत्या तशा करायच्या. दोन नट तर आहेत. कोणाला कळणारही नाही. पाना पिशवीत होताच. तो कधी नसतो?

धरणावर वारा होता. पाणी लांबपर्यंत चमकत होतं आणि काठावरची माणसं होडीचा गाडा उताराला लावत होती. उतारावरून उतरलं की डाव्या हाताला काळे खडक, त्यामुळे पाण्यात गेल्या गेल्या होडी उजवीकडे घ्यावी लागे. हे उज्वलानंच बोट दाखवून सांगितलं. तात्यांनी ते खडक बघितले आणि पिशवीतला पाना चाचपला.

लहानू वाकला, काळा चष्मा वर केला आणि नटांकडे पाहिलं. "हायेत ठिपके," तो म्हणाला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तांबड्या-गुलाबीतला फरक कळला नाही, आणि वीस वर्षांच्या विश्वासाला तर मुळीच कळला नाही. तो निवांत जाऊन दगडावर बसला. तात्यांना वाटलं, यानं ओळखलं असतं आणि दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

उज्वला पाण्यात तरंगायचं जाकीट घालायला गेली. माणसं शीड उभं करण्यात गुंतली. मिळाली, पाच मिनिटं मिळाली! तात्या होडीच्या मागे गेले, पिशवीत हात घातला, पाना काढला आणि डाव्या कानाच्या नटाला लावला.

आणि त्यांचा हात थांबला.

नट सोडून तारा बदलता आल्या असत्या. पण मग त्या कोणी तपासायच्या? घाईघाईत, चोरून बसवलेली तार, आणि वर पुन्हा आपलीच नेलपॉलिश. हे तर दिंडोरीला निघतानासारखंच झालं. तेव्हाही नीट लावलेल्याला हात लावला होता, तेव्हाही घाई होती, तेव्हाही दुसरं कोणी बघितलं नव्हतं. काळजी, काळजी म्हणून जिला आपण मिरवतो तिनंच पोरीचा हात नेला, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

जाकिटाचे बंद एका हातानं ओढत उज्वला आली आणि होडीत चढून चाकापाशी बसली. "सोडा रे!" ती माणसांना म्हणाली.

"थांबा!" तात्या ओरडले. आवाज असा निघाला की काठावरचे सगळे वळून बघायला लागले. "उज्वला, खाली उतर. उतर म्हणतो ना! तारा उलट्या आहेत."

लहानू दगडावरून उठला. "उलट्या? मी बघितल्या की!"

"काल बदलल्या. तू सही केल्यावर. मला वाटलं, हिचा हात दांडीच्या सवयीनं जाईल..." तात्यांनी नटांकडे बोट दाखवलं. "ते ठिपके तुझे नाहीत, लहानू. नेलपॉलिश आहे."

लहानूनं खाली वाकून नखानं ठिपका खरवडला. गुलाबी पापुद्रा निघून आला. त्याचा चेहरा बघवेना. "केरू," तो हळूच म्हणाला, "माझ्या सहीवर? पोरीचा जीव गेला असता तर कागदावर माझं नाव होतं रे." एवढं बोलून त्यानं चष्मा खाली ओढला.

उज्वलानं मात्र हसून विषय हलका करायचा प्रयत्न केला. "अहो काका, जाऊ द्या. वेळेत सांगितलं ना? बदला परत. आमचे तात्या म्हणजे ना, कुलूप ओढून ओढून कडी काढणारा माणूस."

इथे गप्प बसता आलं असतं. पोरीनं वाट काढून दिली होती. पण तात्यांच्या आतली गाठ सुटली होती, ती आता थांबणारी नव्हती.

"स्कूटरचंही मीच केलं," ते म्हणाले. "मेकॅनिकनं ब्रेक चांगला लावला होता. मी निघताना नट सोडला. नीट आवळला नाही. तार निसटली, उज्वला. माझ्या हातानं झालं ते."

उज्वलाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. थोड्या वेळानं ते गेलं.

"आणि कुत्रं?"

"नव्हतं."

"नव्हतंच?"

"नव्हतंच गं."

ती होडीतून उतरली, गुडघाभर पाण्यातून चालत बाजूला गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून काठावर बसली. डावा हात तिनं उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. तात्या तिच्या मागे जायला निघाले तेव्हा लहानूनं त्यांच्या दंडाला धरलं. "नको. बसू दे तिला. तू इकडं ये. नट तू सोडायचा नाय आता, मी सोडतो. तू नुसतं बघ."

तारा होत्या तशा झाल्या. काम दहा मिनिटांचं, पण तात्यांना ती दहा मिनिटं संपता संपेनात. ते कधी नटाकडे बघत, कधी त्या पाठीकडे. पाठ हलत होती की वाऱ्यानं जाकीट हलत होतं, ते त्यांना इथून कळेना. आता ही उठून सरळ गाडीत बसेल, घरी जाईल, ओझरला पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे ते धरूनच चालले होते.

ती उठली. डोळे लाल होते. ती सरळ होडीत चढली आणि चाक धरलं.

"काका, तपासायचं ना? काय म्हणतात तुमच्यात?"

लहानू मागे पात्याशी बसला. "बोल, बाई."

"चाक उजवीकडे."

"पातं उजवीकडे."

"चाक डावीकडे."

"पातं डावीकडे."

लहानूनं नटांवर ठिपके दिले, खऱ्या तांबड्या रंगाचे. वहीचं ते पान त्यानं खिशातून काढून फाडून टाकलं, नवं पान घेतलं, पहिली सही स्वतः केली आणि पेन उज्वलापुढे धरलं. "दुसरी तुझी. तू बघितलंस." तिनं सही केली.

मग तिनं तात्यांकडे बघितलं. चार वर्षांत अशा नजरेनं तिनं कधी बघितलं नव्हतं. "पाना काकांकडे द्या आणि होडीत बसा."

"मी? मला पोहता येत नाही."

"जाकीट आहे. बसा."

"उज्वला, मला माफ..."

"ते आत्ता बोलायचं नाही, तात्या. माफ केलंय असं समजू नका. मी चार वर्षं एका कुत्र्याची काळजी करत होते. ते घरी गेल्यावर बघू. आधी बसा."

तात्यांनी पाना दिला. देताना हात जड झाला, पण दिला. कोणीतरी त्यांना जाकीट चढवलं, कोणीतरी धरून होडीत बसवलं. माणसांनी ढकललं, गाडा सुटला, होडी पाण्यावर हलली. शिडात वारा भरला आणि डाव्या हाताचे काळे खडक सरळ समोर आल्यासारखे दिसायला लागले. तात्यांनी डोळे मिटले, मग ते उघडले, कारण न बघणं त्याहून वाईट होतं.

"चाक उजवीकडे," उज्वला म्हणाली. ती समोर बघत होती.

तिनं चाक फिरवलं. होडीचं नाक हळूच उजवीकडे गेलं, खडक बाजूला सरकले आणि पुढे नुसतं पाणी राहिलं. तिनं आवळायची मूठ फिरवली, चाक सोडून दिलं आणि त्याच हातानं शिडाचा दोर ओढायला घेतला.

चाकावर कोणाचाच हात नव्हता. मूठ पुरती आवळली गेलीय का? अर्धा आटा कमी तर नाही? तात्यांचा हात पुढे गेला.

"तात्या," ती मागे न बघता म्हणाली.

तात्यांनी हात मागे घेतला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यावर दाबून बसले आणि तसेच बसून राहिले.